जीआयसीमधून (ग्लास आयोनोमर सिमेंट, दात भरायचं मटेरियल) फ्लोराइड किती वर्षं सुटतं? दुय्यम कीड (फिलिंगच्या कडेला पुन्हा लागणारी) टाळायला जीआयसी, आरएमजीआयसी (रेझिन मिसळलेलं जीआयसी), कॉम्पोमर, जिओमर (ही दोन्ही जीआयसी आणि रेझिनच्या कॉम्पोझिटच्या मधली) यांपैकी सर्वात जास्त फ्लोराइड सोडणारं कोणतं घ्यावं?

सुटतं वर्षानुवर्षं, पण जोर पहिल्या २४ ते ४८ तासांतच. त्यानंतर प्रमाण झपाट्याने उतरतं आणि काही आठवड्यांनी उरतं ते नुसतं झिरपणं. क्रम साधारण असा: जीआयसी आणि आरएमजीआयसी जवळजवळ बरोबरीने, त्याखाली जिओमर, मग कॉम्पोमर आणि सर्वात शेवटी 'फ्लोराइडयुक्त' म्हणून विकलं जाणारं कॉम्पोझिट. कॉम्पोमरला तो सुरुवातीचा उसळा येतच नाही, कारण त्यातली आम्ल-काचेची अभिक्रिया लाइट मारून ते घट्ट केल्यावर, हळूहळू पाणी शोषलं गेलं की मग सुरू होते. टूथपेस्ट किंवा व्हार्निशमधलं (दातावर लावायच्या फ्लोराइडच्या लेपातलं) फ्लोराइड परत शोषून घेण्याचा क्रमही बहुतेक हाच.

पण 'सर्वात जास्त सोडणारं' या कसोटीवर मटेरियल निवडणं मला मुळातच पटत नाही. जे मटेरियल जास्त सोडतं ते बहुधा कमकुवत असतं. विल्सन आणि केंट यांनी १९७२ च्या सुमारास हे सिमेंट मांडलं तेव्हापासून ही ओढाताण चालूच आहे. लिक्विडमधलं आम्ल काचेच्या कणांवर चढलं की कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोराइड सुटं होतं. पहिली दोन पॉलिॲक्रिलिक साखळ्यांना बांधतात. फ्लोराइड त्या बांधणीत नसतं, म्हणून ते निघून गेलं तरी फिलिंग ढासळत नाही. आता पावडर कमी घेऊन सैल कालवलं, की फ्लोराइड खरोखरच जास्त सुटतं. आणि इथेच ती जुनी पळवाट निघते: 'पातळ झालं तर झालं, पेशंटला फ्लोराइड जास्त मिळेल!' हे ऐकून कान किटले आहेत. फ्लोराइड मिळेल हो, पण फिलिंग झिजून कड उघडी पडली की त्या फटीत जी प्लाक साचते तिचं काय करणार?

हाताने कालवायच्या हाय-व्हिस्कॉसिटी (घट्ट) जीआयसीचं पावडर-लिक्विडचं प्रमाण वजनाने साधारण ३.६ ला १ असतं. म्हणजे एक सपाट स्कूप आणि एक थेंब. चुका होतात त्या इथे. पावडरची बाटली आधी हलवत नाहीत, म्हणून तळाशी दबलेली पावडर स्कूपमध्ये जास्त येते. लिक्विडची बाटली तिरकी धरून थेंब पाडतात. ती क्षणभर आडवी करून टोकात लिक्विड येऊ द्यायचं, मग सरळ उभी उलटी धरायची. बुडबुडा असलेला थेंब पुसून टाकायचा, कारण त्यात लिक्विड कमी भरतं. पावडरचे दोन भाग करा. पहिला भाग १० सेकंदांत ओढून घ्या, दुसरा १५ ते २० सेकंदांत. एकूण ३० सेकंदांच्या वर जाऊ नका. स्पॅट्युला प्लास्टिकचा घ्या, कारण काचेचे कण धातू खरवडतात आणि मिश्रण करडं पडतं. थंड काचपट्टीवर वेळ जास्त मिळतो हे खरं, पण तिच्यावर दव धरलं असेल तर तुम्ही नकळत पाणीच मिसळताय.

तयार मिश्रणाला ओली चकाकी हवी. चकाकी गेली की दाताला धरायला मोकळे कार्बोक्सिल गट (आम्लाचे चिकटणारे भाग) पुरेसे उरलेले नसतात. तेव्हा ते दाबून बसवू नका, फेकून द्या. वर बोट फिरवून 'अजून मऊ आहे' म्हणणारे पुढे फिलिंग अख्खंच्या अख्खं निघालं की कंपनीला शिव्या घालतात.

कॅव्हिटीला (दातातल्या खड्ड्याला) भरण्याआधी १० टक्के पॉलिॲक्रिलिक आम्ल १० ते २० सेकंद, मग धुणं, मग कापसाने टिपणं. एअर सिरिंजने खडखडीत कोरडं करायचं नाही. भरल्यावर लगेच कोट (संरक्षक लेप) चढवा: सुरुवातीला लाळ लागली तर न बांधले गेलेले आयन वाहून जातात, आणि फार कोरडं पडलं तर तडे जातात. साध्या जीआयसीचं शेवटचं फिनिशिंग दुसऱ्या दिवशीच बरं.

फ्लोराइड पुन्हा भरायचं असेल तर न्यूट्रल सोडियम फ्लोराइड वापरा. १.२३ टक्क्यांचं आम्लयुक्त एपीएफ जेल जीआयसीचा पृष्ठभाग खातं. तेच जेल दर सहा महिन्यांनी लावून फिलिंग खरबरीत का झालं म्हणून विचारणारेही असतात.

निवडीचं म्हणाल तर मुळावरची कीड, हिरडीलगतची क्लास पाच कॅव्हिटी आणि दुधाचे दात इथे जीआयसी किंवा आरएमजीआयसी. आरएमजीआयसी २ मिमीपेक्षा जाड थरात एकदम भरू नका, लाइट खालपर्यंत पोचत नाही. कायमच्या दाढेत दोन दातांमधल्या कॅव्हिटीला खाली जीआयसी आणि वर कॉम्पोझिट. चावण्याचा भार एकट्या जीआयसीवर सोडू नका, वाकवणाऱ्या ताणात ते कॉम्पोझिटपेक्षा फारच लवकर तुटतं. जिओमर दिसायला छान, पण त्याला बाँडिंग (दाताला चिकटवणारा थर) लागतं, म्हणजे लाळेवर ताबा नसेल तिथे त्याचा उपयोग नाही.

हो, एक राहिलं. वर सांगितलेला कोट सुरुवातीचं फ्लोराइड सुटणंही कमी करतो. तरी मी कोटच निवडेन. शिवाय फ्लोराइड सुटतं हे प्रयोगशाळेत मोजता येतं, पण त्यामुळे तोंडात दुय्यम कीड किती कमी होते याचे पुरावे तितके ठाम नाहीत. तोंड कोरडं पडणाऱ्या किंवा भराभर कीड लागणाऱ्या पेशंटला फिलिंगच्या भरवशावर सोडू नका, त्याला व्हार्निश आणि पेस्ट वेगळी द्यावीच लागते.