ब्रेकडाऊनचे तास कुणाच्या खात्यावर?

प्रश्न: भोसरीत आमचं मशीन शॉप आहे. १२ सीएनसी लेथ, दोन पाळ्या. एमटीटीआर, म्हणजे दुरुस्तीचा सरासरी वेळ, जास्त म्हणून दर मीटिंगला मेंटेनन्सला बोलणी बसतात. फिटर वाढवले तर आकडा उतरेल का?

उत्तर: आधी आकडा फोडून बघा. एक मशीन घ्या. २६ दिवस, रोज १६ तास, म्हणजे ४१६ तास. समजा ६ ब्रेकडाऊन झाले आणि मशीन एकूण २६ तास बंद राहिलं. चाललं ३९० तास. दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, एमटीबीएफ, ६५ तास, एमटीटीआर ४ तास २० मिनिटं, उपलब्धता ९३.७५ टक्के. एवढं बहुतेक ठिकाणी काढतात आणि तिथेच थांबतात.

ब्रेकडाऊन स्लिपवर पाच वेळा लिहून घ्या: मशीन थांबलं, फिटर पोचला, दोष सापडला, पार्ट हातात आला, पहिला जॉब क्वालिटीने पास केला. समजा २६ तासांची फोड अशी निघाली: फिटर पोचेपर्यंत ३, दोष शोधायला ४, पार्टची वाट १४, दुरुस्ती आणि ट्रायल ५. मग फिटर दुप्पट केले तरी ते १४ तास जागचे हलणार नाहीत. टरेटचा प्रॉक्सिमिटी सेन्सर, सोलेनॉइडची कॉइल, वे-ल्यूब लाईनची फिटिंग असे पार्ट किमतीने किरकोळ, पण मशीन उभं करतात. खप आणि पार्ट यायला लागणारे दिवस बघून त्यांचा किमान साठा ठरवा. स्टोअरची किल्ली दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरकडेही हवी.

तास फक्त पाळीचे मोजा. पाळ्या सकाळी ७ ते रात्री ११ असतील, सेन्सर रात्री ९ ला गेला आणि सकाळी १० ला मशीन चालू झालं, तर बंद तास ५, १३ नव्हे. आणि ऑपरेटर अलार्म रिसेट करून गुपचूप पुढे जातो ते थांबे स्लिपवर येतच नाहीत, म्हणून एमटीबीएफ उगाच देखणा दिसतो. १० मिनिटांच्या आतले थांबे मशीनवरच्या कागदावर नुसत्या रेघा मारून मोजा. एकाच अलार्मच्या रेघा वाढायला लागल्या की पुढचा ब्रेकडाऊन कुठे होणार ते कळतं.

प्रश्न: आमचं पीएम, म्हणजे बिघाड व्हायच्या आधीच ठरल्या वेळी करायची देखभाल, १०० टक्के वेळेवर होतं, तरी ब्रेकडाऊन कमी होत नाहीत. असं का?

उत्तर: चेकलिस्टवर ‘ओके’ लिहिलेलं असतं म्हणून. ‘हायड्रॉलिक ओके’ऐवजी प्रेशर किती बार, ‘कूलंट ओके’ऐवजी रिफ्रॅक्टोमीटरचं (कूलंट किती दाट ते मोजणारं साधन) रीडिंग, ‘ल्यूब ओके’ऐवजी मागच्या वेळेपासून टाकीत किती लिटर तेल घातलं, असं लिहायला लावा. तेलाचा खप एकदम घटला तर आनंद मानू नका. तेल वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर चोक झालेला असू शकतो आणि बॉल स्क्रू कोरडा चालत असतो.

दोन आकडे जास्तीचे ठेवा. पीएममध्ये किती दोष सापडले? २० पीएम झाले आणि एकही सापडला नाही, तर तपासणी कागदावरच होतेय असं धरून चाला. दुसरा, पीएमनंतर ४८ तासांत आलेले ब्रेकडाऊन. गुरुवारच्या सुट्टीत पीएम आणि शुक्रवारी सकाळी अलार्म, हे आपल्याकडे नेहमीचं. बऱ्याच कंट्रोलवर ॲब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची असते. मेन बंद करून बदलली की अक्षाचं होम, म्हणजे मोजणी सुरू होण्याची जागा, जातं आणि ते परत सेट करण्यात सकाळ जाते. मॅन्युअलमधली ही सूचना चेकलिस्टवरच छापा. पॅनल उघडायचं काम माहितगारालाच द्या.

प्रश्न: ओईई ८५ टक्के नाही म्हणून मेंटेनन्सचा इन्सेंटिव्ह कापतात. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. ओईई म्हणजे उपलब्धता, वेग आणि क्वालिटी यांचा गुणाकार. ९०, ९५ आणि ९९ टक्के धरले की साधारण ८५ येतात. सेटिंगचा वेळ, ऑपरेटर नाही, मटेरियल नाही, रिजेक्शन, सगळं त्यातच. इन्सेंटिव्ह द्यायचाच तर बिघाडाचे तास, तोच दोष ३० दिवसांत परत येणं आणि पीएममध्ये सापडलेले दोष यांवर बांधा. पार्टच्या वाटेचे तास स्टोअर आणि परचेसच्या नावे दाखवा. पुढच्या मीटिंगला तेही हजर राहतील.