‘माझं डोपामिन संपलं का हो?’

वय 68. सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या काकांनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं, “वयामुळे माझं डोपामिन संपलं का हो? गोळी मिळते का त्याची?” मेंदूतल्या या रसायनावरचा कुठलासा व्हिडिओ मोबाइलवर पाहून आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लाकूडकामाचा भारी नाद, पण वर्षभरात रंध्याला हात लावलेला नव्हता. सोबत आलेली मुलगी म्हणाली, “बाबा आळशी झालेत.” काका खाली बघत राहिले.

मी विचारलं, “काम हातात घेतलंत, तर मजा येते?”

“एकदा बसलो की दोन तास कुठे गेले कळत नाही. पण बसणंच होत नाही.”

या उत्तराने मला निम्मा उलगडा झाला. नैराश्यात बहुधा बसल्यावरही गोडी लागत नाही. इथे गोडी शाबूत होती, अडत होतं ते उठण्यापाशी. डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणून लोकांनी घोळ घालून ठेवलाय. ‘ऊठ, हे करण्याजोगं आहे’ असा जो आतून रेटा येतो, त्यात त्याचा वाटा मोठा. मेंदूतले काही डोपामिन रिसेप्टर, म्हणजे डोपामिनचा निरोप झेलणारे पेशींवरचे भाग, तरुणपणापासूनच दर 10 वर्षांनी साधारण 5 ते 10 टक्के घटत जातात. म्हणजे संपत काही नाही, ओसरतं. रेटा कमी पडतो, त्याला आपण आळस म्हणतो. हे ऐकून मुलगी गप्प झाली.

गोळीचं म्हणाल तर पोटात घेतलेलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही. लेव्होडोपा शिरतं, पण ते पार्किन्सनचं (कंपवाताचं) औषध, उत्साहाचं टॉनिक नव्हे.

तरी आधी डॉक्टरांकडे पाठवलंच. थायरॉइड किंवा बी-12 कमी असलं तरी माणूस असाच मरगळतो. शिवाय हात स्वस्थ असताना एकाच बाजूला थरथर, मंदावलेली चाल, गेलेला वास, ही पार्किन्सनची लक्षणं असू शकतात; ती वयावर ढकलून चालत नाही. काकांच्या बाबतीत यातलं काही निघालं नाही.

मग ठरवलं, सुरुवातच हलकी करायची. रात्रीच फळी शिकंज्यात आवळून, पटाशी शेजारी ठेवून झोपायचं. सकाळी फक्त पाच मिनिटं. आणि रोज चालणं; त्याला मात्र सूट नाही.

महिन्याने आले. “आठवड्यात चार दिवस जमतं, तीन दिवस नाही,” म्हणाले. स्टुलाचा चौथा पाय अजून बाकी आहे.