ढग दिसतो, वारा मोजावा लागतो

प्रश्न : जपानच्या हिमावरी-९ सारखा भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा, उपग्रह दर १० मिनिटांनी अर्ध्या पृथ्वीची चित्रं पाठवतो. ती सरळ हवामानाच्या मॉडेलला, म्हणजे अंदाज काढणाऱ्या संगणकीय गणिताला, दिली की अंदाज सुधारायला नको का?

उत्तर : मॉडेलला हवं असतं तापमान, दाब, आर्द्रता आणि वारा. सुमारे ३५,७८६ किलोमीटरवरून उपग्रह यातलं काहीच थेट मोजत नाही. तो मोजतो ते खालून येणारं प्रारण, म्हणजे प्रकाशाचे आणि उष्णतेचे किरण.

वारा असा काढतात : लागोपाठची तीन चित्रं घ्यायची, पहिल्यातला ढगाचा एक तुकडा निवडायचा आणि पुढच्या दोन्हींत तो कुठे सरकला ते शोधायचं. १० मिनिटांत १२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. दोन्ही जोड्यांतले वेग जुळले नाहीत, तर तो वारा बाद.

खरी मेख आहे उंचीत. ढगाच्या माथ्याचं तापमान मोजायचं आणि ते हवेच्या कोणत्या थराशी जुळतं ते पाहायचं. पण उंचावरच्या पातळ, तंतूंसारख्या सिरस ढगातून खालच्या उबदार जमिनीचं प्रारणही वर येतं. ढग आहे त्याहून उबदार भासतो आणि ३०० हेक्टोपास्कल दाबाच्या उंच थरातला जोरदार वारा ५०० च्या, म्हणजे बऱ्याच खालच्या, थरात नोंदला जातो. असा वारा नसलेलाच बरा! म्हणून ११ मायक्रॉन तरंगलांबीच्या उष्णता-किरणांच्या जोडीला पाण्याच्या वाफेला संवेदनशील असलेल्या तरंगलांबीचा चॅनेल वापरून उंची दुरुस्त करतात.

शिवाय शेजारशेजारचे वारे एकाच कारणाने चुकतात, आणि मॉडेल मात्र त्यांना स्वतंत्र साक्षीदार समजतं. त्यामुळे हाती आलेले बरेचसे वारे गाळून विरळ करावे लागतात.

निरभ्र भागात उलटा मार्ग धरतात. मॉडेलमधल्या तापमान-आर्द्रतेवरून उपग्रहाला किती प्रारण दिसायला हवं ते काढायचं आणि मोजलेल्याशी फरक पाहून मॉडेलची सुरुवातीची स्थिती सुधारायची. त्याआधी उपकरणाची कायमची चूक वजा केलीच पाहिजे. नाहीतर मॉडेल तिलाच हवेतली आर्द्रता समजतं.

प्रश्न : चित्रात ढग गावावर दिसतो, पाऊस मात्र शेजारी पडतो. असं का?

उत्तर : उपग्रह विषुववृत्तावरून तिरकं पाहतो. त्या जागेच्या डोक्यावरच्या सरळ रेषेपासून उपग्रहाचा कोन ४५ अंश आणि ढगाचा माथा १२ किलोमीटर उंच असेल, तर ढग १२ किलोमीटर सरकलेला दिसतो. उत्तर गोलार्धात बहुधा उत्तरेकडे. माथ्याची उंची गुणिले कोनाचा टॅन, एवढं अंतर त्याला उपग्रहाच्या दिशेने मागे आणा आणि मगच रडारशी ताडून पाहा.