जागा नाही, तरी सिंगापुरात डेटा सेंटर कशी वाढतात? आणि सोलापुरात का नाहीत?

डेटा सेंटर म्हणजे सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणारे संगणक, ठेवलेली इमारत. त्यातलं 'सामायिक' केंद्र, म्हणजे कोलोकेशन, काय ते आधी बघा. भाड्याने दिलेली लूमची शेड डोळ्यासमोर आणा: छप्पर आणि वीज मालकाची, माग ज्याचे त्याचे. कोलोकेशन तसंच, फक्त मागाच्या जागी सर्व्हर.

सिंगापूर जेमतेम 735 चौ. किमी, आपला जिल्हा 14,895. मग तिथे मजले चढवतात; फेसबुकच्या केंद्राचा आराखडाच 11 मजली होता. पण खरं दुखणं जागेपेक्षा विजेचं. 2020 मध्ये तिथली सुमारे 7 टक्के वीज डेटा सेंटरच खात होती. 2019 मध्ये सरकारनं नवी केंद्रं थांबवली, 2022 मध्ये अटी घालून दार पुन्हा किलकिलं केलं. 2024 च्या आराखड्यात किमान 300 मेगावॅट वाढीची मुभा आहे, पण पीयूई 1.3 किंवा त्याखाली आणायचा. म्हणजे सर्व्हरला एक युनिट लागलं, तर कूलिंग वगैरे धरून एकूण 1.3 च्या वर जायचं नाही. खोल्या हुडहुडी भरेल इतक्या गार ठेवायची गरज नाही, 26 अंशांच्या वरही सर्व्हर नीट चालतात, हेही त्यांनी मानकातच घातलं. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

सोलापुरात जागा आहे, एनटीपीसीचा 1,320 मेगावॅटचा वीज प्रकल्पही आहे. पण समुद्राखालच्या इंटरनेटच्या केबल मुंबईत येतात, गिऱ्हाईकही तिकडेच. शिवाय कूलिंग टॉवर पाणी पितो, आणि आमच्याकडे मे महिन्यात नळाला पाणी कधी येणार हे बघून पाहुण्यांना बोलावतात. इथे करायचंच तर पाणी वाफ करून न उडवणारं कूलिंग किंवा शुद्ध केलेलं सांडपाणी, एवढं आधी ठरवा.