आमचे मानसशास्त्राचे गाइड आता डीन होतायत, त्यांचं संशोधन संपलं का? आणि त्या खुर्चीत मानसशास्त्राचा काही उपयोग होतो का?

संपत नाही हो, पातळ होतं, पाहुणे वाढले की आमटी होते तसं. मी मानसशास्त्रच शिकवते, डीन वगैरे फार लांब राहिलं, पण एका वर्षी कॉलेजच्या एका कमिटीचं काम गळ्यात पडलं तर माझं साधं वाचनसुद्धा बंद पडलं होतं, त्यामुळे तुमची काळजी कळतेय.

या बाबतीत मला नेहमी पीटर सॅलोव्हे आठवतात, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ. इमोशनल इंटेलिजन्स, म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, आपल्या आणि दुसऱ्यांच्या भावना ओळखून वागायची हुशारी, हा शब्द आता प्रत्येक एचआरवाल्याच्या तोंडी असतो ना, त्याचा पहिला शास्त्रीय पेपर यांनी आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये लिहिला. नाव झालं ते पाच वर्षांनी एका पत्रकाराच्या पुस्तकामुळे, आणि गंमत म्हणजे त्या पुस्तकातले दावे मूळ पेपरपेक्षा बरेच मोठे होते.

पण मला त्यांचं दुसरं काम जास्त आवडतं. आरोग्याचा सल्ला कसा दिला तर लोक ऐकतात, हे ते बघत होते. १९९९ चा एक अभ्यास आहे, समुद्रकिनाऱ्यावर आलेल्या २१७ लोकांना पत्रकं वाटली, काहींना 'सनस्क्रीन लावलंत तर त्वचा नीट राहील' अशा सुराचं आणि काहींना 'नाही लावलंत तर कॅन्सरचा धोका' अशा सुराचं, तर पहिल्या गटातल्या जास्त लोकांनी सनस्क्रीन मागून घेतलं. त्याआधी १९९५ मध्ये मॅमोग्राफीवर, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरच्या एक्स-रे तपासणीवर, अभ्यास झाला होता, तिथे बरोब्बर उलटं, तपासणी न केल्याने काय गमवाल ते सांगितलेल्या बायका जास्त गेल्या. म्हणजे आजार टाळायचा असेल तर फायदा सांगा आणि शोधायचा असेल तर तोटा सांगा, असा साधारण निष्कर्ष.

आता तारखा बघा. येलमध्येच १९८६ ला पीएचडी आणि तिथेच नोकरी. २००० ला विभागप्रमुख, २००३ ला ग्रॅज्युएट स्कूलचे म्हणजे पदवीनंतरच्या मुलांचे डीन, २००४ ला येल कॉलेजचे म्हणजे पदवीच्या मुलांचे डीन, २००८ ला प्रोव्होस्ट म्हणजे शिक्षण आणि बजेट बघणारे दोन नंबरचे अधिकारी, २०१३ ला थेट प्रेसिडेंट म्हणजे विद्यापीठाचे प्रमुख. वर सांगितलेलं सगळं डीनच्या खुर्चीआधीचं आहे, भावनिक बुद्धिमत्ता मोजायची त्यांची प्रसिद्ध टेस्टसुद्धा २००२ ची. नंतरच्या पेपरांवर त्यांचं नाव दिसतं, पण रोजचं काम बहुतेक सहकारी आणि विद्यार्थीच ओढत असणार असं माझं मत.

आणि खुर्चीत गेल्यावर डोक्यात काय असतं तर पैसा. प्रोव्होस्ट झाले आणि लगेच मंदी आली, येलचा राखीव निधी वर्षभरात २२.९ अब्ज डॉलरवरून १६.३ अब्जावर आला. कात्री कुठे लावायची हे प्रोव्होस्टनेच बघायचं.

मानसशास्त्राचा उपयोग होतो का, हेही विचारलंय तुम्ही. होतो, पण जादू नाही. गुलामगिरीच्या समर्थकाचं, कॅल्हूनचं, नाव असलेल्या वसतिगृह-कॉलेजवरून मुलं पेटली होती, यांनी एप्रिल २०१६ मध्ये नाव ठेवायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये बदलून संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपरचं दिलं. भावना ओळखण्याचा एवढा मोठा अभ्यासक आणि समोरच्यांच्या भावना दहा महिने उशिरा कळल्या, असं मला तरी वाटतं. पण निर्णय फिरवला हेही खरं, किती साहेब फिरवतात?

आपल्याकडचं गणित जरा वेगळं. महाराष्ट्रात २०१६ च्या विद्यापीठ कायद्याआधी अधिष्ठाता म्हणजे डीन निवडणुकीतून यायचे, आता पूर्णवेळ नेमतात. पूर्णवेळ म्हणजे खरंच पूर्णवेळ, तेव्हा सर दिवसभर फायलीत असणार हे धरूनच चाला.

सॅलोव्हे २०२४ ला प्रेसिडेंटपदावरून उतरले, पण तुमची पीएचडी एवढी थांबणार नाही 😄 सरांनी चार्ज घ्यायच्या आधीच आठवड्यातला एक ठरलेला वार मागून घ्या, शक्यतो सकाळी लवकरचा, दुपारच्या मीटिंगा कधी संपतील ते त्यांनाही माहीत नसतं. आणि सिनॉप्सिसवर सही राहिली असेल तर ती आजच घ्या.