म्युनिकला बायको-मुलांना आणताय? सामानाची यादी नंतर करा

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत म्युनिकला जॉइन होताय, बायको आणि दोन मुलं (मुलगी 7, मुलगा 3) एप्रिलमध्ये येतील, तर काय काय सामान आणायचं आणि सेटल व्हायला किती दिवस लागतात. आम्ही 2016 ला नाशिकहून आलो, म्हणजे नवरा आधी आला आणि मी पोराला घेऊन मागून. त्यामुळे माझं उत्तर मागून येणाऱ्यांच्या बाजूने आहे, आधीच सांगते.

सामानाचं पटकन उरकते. कुकर इंडक्शनवर चालणारा आणा, अ‍ॅल्युमिनियमचा आणाल तर माळ्यावर जाईल. साजूक तूप, पेढे, खवा अजिबात नको, युरोपच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर आईने प्रेमाने दिलेला डबा तिथेच राहतो. इथलं बिनमिठाचं बटर कढवा, मस्त रवाळ तूप होतं. मेन स्टेशनजवळ ग्योटेश्ट्रासेच्या बाजूला टर्किश दुकानं आहेत, कोथिंबिरीची जुडी बघून बरं वाटेल. डाळी, कणीक, पोहे भारतीय दुकानात मिळतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या, फक्त क्षार खूप, किटलीत पांढरा थर बसतो, अधूनमधून व्हिनेगर घालून उकळायची.

कागदांमध्ये पहिली गोष्ट घराची. भाडं बघताना काल्ट की वार्म ते विचारा, काल्ट म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे सोडून. डिपॉझिट जास्तीत जास्त 3 महिन्यांचं काल्ट भाडं, तेही कायद्याने 3 हप्त्यांत देता येतं. आणि किचन आहे का ते आधी बघा, हसू नका, बऱ्याच घरांत ओटा सोडा, सिंकसुद्धा नसतो. राहायला गेलात की 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी (आनमेल्डुंग), त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही म्हणून घराची किल्ली हातात यायच्या आधीपासून वेबसाइट बघत राहा. टॅक्स नंबर पोस्टाने येतो. लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले मूळ प्रती हँडबॅगेत ठेवायच्या, चेक-इन बॅगेत नाही. हेल्थ इन्शुरन्स सरकारी पद्धतीचा घेतलात तर न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात बसतात, प्रायव्हेटमध्ये प्रत्येकाचा वेगळा हप्ता. एकट्याचा हिशोब करून प्रायव्हेट स्वस्त वाटतो आणि तिथेच लोक फसतात.

आता मुख्य. पत्ता मिळाला की सोफा, टीव्ही, सायकल यांच्या आधी किटा फाइंडर प्लसवर (किटा म्हणजे बालवाडी, ही तिच्या नोंदणीची वेबसाइट) धाकट्याचं नाव टाका. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला बालवाडीच्या जागेचा कायद्याने हक्क आहे, 2013 पासून, पण हक्क असणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. बहुतेक जागा सप्टेंबरच्या भरतीत जातात, एप्रिलमध्ये येऊन मे मध्ये शोधायला लागलात तर वर्ष गेलं. आम्ही हेच केलं. नवरा सगळं नीट करत होता हो, पण आधी घर लावू मग शाळेचं बघू असं म्हणत राहिला. पोरगा घरी म्हणून मी घरी, मी घरी म्हणून जर्मनचा क्लास नाही, क्लास नाही म्हणून दवाखान्यात फोन करायचा तर हा मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत थांबा. नाशिकला सहा वर्षं लॅबमध्ये नोकरी केलेली बाई मी, आणि पोराला ताप आलाय हे सांगायला मला नवरा लागायचा. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार, बाहेर बर्फ, आणि मी खिडकीत.

जागा मिळाली तरी दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मोकळे असं नाही. आइनगेव्योनुंग म्हणून प्रकार असतो, मुलाला हळूहळू सवय लावायची, त्यात आई किंवा बाबा वर्गात बसतात. पहिले तीन दिवस मी त्या वीतभर खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून कोपऱ्यात बसले, पोराशी आपण होऊन खेळायचं नाही, आला तर जवळ घ्यायचं. चौथ्या दिवशी बाईंनी सांगितलं, आता दहा मिनिटं बाहेर. मी पॅसेजमध्ये उभी, समोर छोट्या छोट्या गमबुटांची रांग, आतून याचा भोंगा. मग एकदम गप्प झाला, त्या गप्प होण्याने मला जास्त धडकी भरली. दार उघडलं तर साहेब काकडीची फोड चावत ठोकळ्यांचा मनोरा पाडत होते आणि ओरडत होते "नोखमाल", म्हणजे परत एकदा. याला शब्द कुठून आला देव जाणे, मला तर मोबाइलमध्ये बघावा लागला. असे तीन आठवडे गेले. ऑफिसला आधीच सांगून त्यातला एक आठवडा तुम्ही बसा, जमतं.

किटा लागल्यावर त्याच महिन्यात मी फोल्कसहोखशूलचा (मोठ्यांसाठी क्लास घेणारी संस्था) सकाळचा जर्मनचा क्लास लावला. तुम्ही ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा राहण्या-कामाचा परवाना) येत असाल तर बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि काम करायची परवानगी पहिल्या दिवसापासून असते, पण म्हणून भाषा टाळू नका, ऑफिस सोडलं तर इंग्लिशवर फार लांब जाता येत नाही.

मोठीची शाळा सक्तीची असल्यामुळे जागा मिळतेच, तिची काळजी कमी. फक्त शाळा चालू असताना तिकीट स्वस्त आहे म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भारतात पळायचं नाही, दंड होतो.

रविवारी दुकानं बंद, इतर दिवशी रात्री 8 ला बंद, हे दोन रविवार उपाशी काढल्यावर डोक्यात बसतं. रविवारी आवाजही नको. मी सकाळी पावणेसातला मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट केलं, दुपारी दाराला शेजारच्या आजींची चिठ्ठी, अत्यंत नम्र भाषेत. नंतर त्याच आजींना एक चकलीची पिशवी नेऊन दिली, आता त्या दिवाळी कधी आहे विचारतात.

अजून एक, पोस्टपेटीवर आणि बेलवर नाव लावा, फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघूनच टाकतो. आमच्याकडे नुसतं नवऱ्याचं आडनाव होतं, मी माहेरचं लावते, माझी दोन पत्रं परत गेली, त्यात एक क्लासचं होतं. तेव्हा दोन्ही नावं लावा, बायको यायच्या आधीच.