आधी एक छोटा गेम पूर्ण कर
अरे गेम बनवायला शिकतोयस तर पहिल्याच फटक्यात मोठा ऑनलाइन गेम बनवायला जाऊ नकोस, एखादा साधा बॉल-बॅटचा घे पण मेनू, आवाज, पॉज सगळ्यासकट संपव, शेवटची किरकोळ कामंच जीव खातात. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं) म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.६ मिलिसेकंद, त्यामुळे प्रोफायलरची (कोडचा कुठला भाग किती वेळ खातो ते दाखवणारं टूल) सवय आत्ताच लाव, मी दोन दिवस कोलिजनचा (वस्तू एकमेकांना धडकल्या का ते तपासणारा) कोड घासत बसलेलो आणि चोर निघाली दर फ्रेमला नव्याने बनणारी स्कोअरची स्ट्रिंग, म्हणजे पडद्यावर दिसणारा मजकूर! डूम या गाजलेल्या जुन्या शूटिंग गेमचा सोर्स कोड १९९७ पासून खुला आहे, वाच. आणि कोडिंगबाहेर काहीतरी ठेव बाबा. डूमवाला जॉन कार्मॅक २००० पासून फावल्या वेळात रॉकेटं बनवायचा, आपलं तेवढं नाही, मी आपला पोहायला जातो, पाण्यात निदान फोन तरी नेता येत नाही.